नागरी घनकचऱ्याची व्यवस्था आणि लोकसहभाग : सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही नगरांच्या आधारे एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

नगरातील घनकचऱ्याची विल्हेवाट हा विषय सामान्यतः अभियांत्रिकी आणि आरोग्यशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. वाहने किती हवीत, खतप्रकल्प कोठे असावा, भरावभूमीचा तळ कसा बांधावा, हे प्रश्न त्या शास्त्रांचेच आहेत. तथापि या व्यवस्थेत एक निर्णायक क्रिया अशी आहे की, ती कोणत्याही यंत्राला किंवा अधिकाऱ्याला नागरिकाच्या वतीने करता येत नाही. ती क्रिया म्हणजे कचरा जेथे निर्माण होतो तेथेच त्याचे वर्गीकरण करणे.

भाजीचे देठ, फुटलेली काचेची बाटली आणि दुधाची पिशवी ही एकाच डब्यात पडली की तिन्ही निरुपयोगी होतात. देठांपासून खत व्हावयाचे तर त्यांना हवा हवी, सुमारे ५० ते ६० टक्के ओलावा हवा आणि कर्ब व नत्र यांचे प्रमाण तीसास एक याच्या आसपास हवे. काच व प्लॅस्टिक मिसळलेले खत शेतकरी शेतात घेत नाही. उलट, उष्ट्या अन्नाने भिजलेल्या कागदाला भंगाराच्या बाजारात किंमत उरत नाही. असा मिश्र कचरा ढिगाऱ्यात दाबला गेला की हवेअभावी तो सडतो आणि त्यातून मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या कालावधीत या वायूची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कर्बद्विप्राणिल वायूच्या सुमारे २८ पट भरते. ढिगाऱ्यातून पाझरणारे काळे पाणी भूजलात उतरते. तात्पर्य, स्वयंपाकघरात घडलेली चूक पुढे कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांनाही पूर्णपणे दुरुस्त करता येत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा-व्यवस्थापन हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नोंदविला गेला. सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली श्रीमती अलमित्रा पटेल यांनी दाखल केलेल्या याचिकेनंतर २००० साली केंद्रशासनाने या विषयाचे पहिले नियम केले. त्यांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन प्रकार घरीच वेगळे करण्याचे कर्तव्य प्रत्येक नागरिकावर सोपविले. परंतु घराच्या आत नगरपरिषदेचा निरीक्षक नित्य उभा राहू शकत नाही. म्हणूनच येथे लोकसहभाग हा व्यवस्थेला बाहेरून मिळणारा नैतिक आधार नव्हे. तो व्यवस्थेचा पहिला दुवा आहे. हा दुवा कशाने जुळतो व कशाने तुटतो, याचा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील नगरांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नामकरण झाले. कृष्णाकाठची शेती, सहकारी संस्था आणि सार्वजनिक कार्याची परंपरा दोहोंना समान आहे. शिवाय या परिसराने अलीकडे एक लक्षणीय नोंद केली आहे. केंद्रशासनाच्या ‘स्वच्छ सर्वेक्षण’ या वार्षिक पाहणीत एक लाखाहून कमी वस्तीच्या नगरांच्या गटात २०२० साली कऱ्हाड, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पांचगणी या नगरांनी देशात पहिला क्रमांक मिळविला. लागोपाठ तीन वर्षे, तीन वेगळी नगरे, आणि तिन्ही याच दोन जिल्ह्यांतील.

२. उकिरडा, कुंडी आणि घंटागाडी

वर्तमान व्यवस्था समजण्यासाठी तिच्या आधीच्या दोन अवस्था ध्यानात घ्यावयास हव्यात. खेड्यातील घराचा उकिरडा हा त्या घराचाच असे. शेण, राख, केर व पालापाचोळा त्यात पडत आणि पावसाळ्यापूर्वी तेच खत गाडीने शेतात जाई. ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते’ ही म्हण उकिरड्याला हीन मानते. पण त्याचेही दिवस पालटतात, हे ती गृहीत धरते. या व्यवस्थेत कचऱ्याला मालक होता, ठिकाण होते आणि उपयोगही होता. प्लॅस्टिक, काच, विजेरीचे घट हे पदार्थ त्यात नव्हते, म्हणून वर्गीकरणाचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता.

या चित्राची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. गावाची सार्वजनिक घाण काढण्याचे काम विशिष्ट जातींवर जन्माने लादलेले होते. नगरपालिका आल्या तेव्हा हे काम पगारी झाले, पण करणारे हात बहुधा तेच राहिले. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ असे दोनदा कायदे करावे लागले, यावरून या वारशाचे ओझे कळते. घाण करणारा एक आणि काढणारा दुसरा, ही विभागणी जोपर्यंत मनात स्वाभाविक वाटते, तोपर्यंत वर्गीकरणाचे आवाहन नागरिकाला आपल्यासाठी आहे असे वाटत नाही.

या विभागणीवर पहिला प्रत्यक्ष आघात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) केला. कीर्तनापूर्वी ते स्वतः खराटा घेऊन गाव झाडीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी असलेल्या त्यांच्या स्नेहामुळे सातारा परिसराशी त्यांचे नाते निकटचे होते. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाड येथे काढलेले महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही महाराष्ट्र शासनाने त्यांचेच नाव दिले.

नगरातील दुसरी अवस्था सार्वजनिक कुंडीची. घर आणि कुंडी यांमधील अंतर ओलांडले की कचरा आपला राहत नाही, ही तिची मूळ कल्पना. कुंडी सर्वांची, म्हणजे कोणाचीच नव्हे. तिच्यात कोणी काय टाकले हे कळण्याचा मार्ग नाही, म्हणून वेगळे करून टाकणाऱ्याला त्याचे फळही दिसत नाही. तिसरी अवस्था घंटागाडीची. घंटेच्या आवाजाने घरातील माणूस दाराशी येतो आणि गाडीवरील कामगाराच्या समक्ष कचरा सोपवितो. ‘घंटागाडी’ हा साधा मराठी समास सर्वत्र रुळला, याचे कारण त्यात यंत्राचे वर्णन नसून भेटीची सूचना आहे. कुंडी काढून टाकल्याने रस्त्याचा कोपरा स्वच्छ होतो, हा लाभ खराच. पण त्याहून महत्त्वाचा लाभ असा की, व्यवहारातील दोन्ही पक्ष प्रथमच एकमेकांसमोर येतात.

३. ‘टाकणे’ आणि ‘देणे’

या बदलाचे मर्म भाषेच्या अंगाने स्पष्ट होते. मराठीत कचऱ्याबरोबर येणारे रूढ क्रियापद ‘टाकणे’ हे आहे. ‘त्याने कचरा रस्त्यावर टाकला’ या वाक्यात कर्ता, कर्म आणि अधिकरण आले की अर्थ पूर्ण होतो. घेणाऱ्याची अपेक्षा या क्रियापदाला नाही. ‘देणे’ या क्रियापदाचे तसे नाही. ‘तिने कचरा दिला’ एवढे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोणाला?’ संप्रदानावाचून ‘देणे’ अपुरे राहते.

संयुक्त क्रियापदांतही हा भेद दिसतो. ‘विकून टाकले’, ‘सांगून टाकले’ यांत एखादी गोष्ट एकदाची संपविल्याचा, अंगावेगळी केल्याचा भाव असतो. ‘लिहून दिले’, ‘करून दिले’ यांत क्रिया दुसऱ्याच्या उपयोगासाठी झाल्याचा भाव असतो. कचरा ‘टाकणारा’ नागरिक आपली जबाबदारी संपवितो; कचरा ‘वेगळा करून देणारा’ नागरिक पुढील माणसाचे काम सुकर करतो. लोकसहभागाचे सारे प्रयत्न पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे प्रयत्न होत.

पण देण्याच्या व्यवहाराला घेणाऱ्याचीही बाजू असते. गृहिणीने दोन डबे वेगळे ठेवावेत आणि गाडीवर ते एकाच हौद्यात रिते व्हावेत, असे एकदा दिसले की वर्गीकरण थांबते. आणि ते एका घरापुरते थांबत नाही, कारण ही गोष्ट गल्लीभर होते. म्हणून गाडीचे दोन स्वतंत्र कप्पे, तिची ठरलेली वेळ आणि पुढे प्रकल्पावरही त्या दोन प्रवाहांचे वेगळेपण राखणे, ही नगरसंस्थेची प्रतिज्ञा समजली पाहिजे. प्रबोधनाच्या फलकांहून गाडीचा दुसरा कप्पा अधिक बोलतो.

४. ‘ओला’ व ‘सुका’ या संज्ञांची अडचण

वर्गीकरण शिकविताना ‘ओला’ आणि ‘सुका’ हे शब्द सर्वत्र वापरले जातात. ते सोपे आहेत, घरगुती आहेत. परंतु त्यांचा रूढ अर्थ व शासकीय अर्थ एक नाही. रूढ अर्थाने ही विशेषणे पदार्थातील पाण्याचा अंश सांगतात. शासकीय अर्थाने ती पदार्थ कुजतो की नाही हे सांगतात. भुईमुगाच्या शेंगांची टरफले हाताला कोरडी लागतात, पण त्यांची जागा ओल्या कचऱ्यात आहे. धुतलेली दुधाची पिशवी ओली असते, पण ती सुक्या कचऱ्यात जावयास हवी. वाळलेले निर्माल्य, नारळाची शेंडी, चहाचा वाळलेला चोथा या प्रत्येकाच्या बाबतीत शब्द एक दिशा दाखवितो आणि नियम दुसरी.

अशा वेळी नागरिक चुकतो तो निष्काळजीपणाने नव्हे, तर शब्दाचा प्रामाणिक अर्थ घेतल्याने. याला उपाय दोन. ‘कुजणारा’ आणि ‘न कुजणारा’ ही जोडी स्पष्टीकरणासाठी बरोबर ठेवावी. आणि सूचना व्याख्येने न देता उदाहरणांनी द्यावी, तीही त्या त्या भागातील स्वयंपाकघराच्या उदाहरणांनी. ऊस, हळद, द्राक्षे व भुईमूग पिकविणाऱ्या भागातील पत्रकावर उसाची चिपाडे व शेंगांची टरफले असावीत.

दुसरी अडचण न उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांची आहे. मासिक पाळीच्या काळातील वापरलेले कपडे किंवा पॅड, बालकांची लंगोटे, रुग्णाच्या जखमेच्या पट्ट्या यांच्यासाठी घरातल्या बोलीत उघडपणे वापरण्याजोगा शब्द रुळलेला नाही. ज्या वस्तूचे नाव घेता येत नाही, तिची जागाही विचारता येत नाही. मग ती कागदात न गुंडाळताच कोणत्यातरी डब्यात जाते आणि शेवटी कामगाराच्या हाताला लागते. २०१६ च्या नियमांनी अशा वस्तू नीट गुंडाळून देण्यास सांगितले होते. महिला बचत गटांच्या बैठकीत ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगता येते; पुरुष निरीक्षकाच्या भाषणात ती बहुधा सांगितलीच जात नाही. माहिती कोणी कोणाला सांगावयाची, हाही व्यवस्थेचाच भाग आहे.

५. तीन लहान नगरांचा अनुभव

२०११ च्या जनगणनेनुसार पांचगणीची वस्ती सुमारे १५ हजार, विट्याची सुमारे ४८ हजार आणि कऱ्हाड नगरपरिषद हद्दीची सुमारे ५४ हजार होती. ही नगरे एकमेकांसारखी मुळीच नाहीत. कऱ्हाड हे कृष्णा-कोयना संगमावरचे जुने बाजारपेठेचे व शिक्षणाचे केंद्र. विटा हे दुष्काळी पट्ट्यातील यंत्रमागांचे नगर. पांचगणी हे निवासी शाळांचे व पर्यटकांचे गिरिस्थान. महाबळेश्वर-पांचगणी परिसर २००१ साली केंद्रशासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला. तेव्हा यशाचे कारण एखाद्या विशिष्ट अर्थव्यवस्थेत शोधता येणार नाही. समान आहे ती वस्तीची मर्यादा. एवढ्या नगरात प्रभागाचा मुकादम घरे ओळखतो, घरे त्याला ओळखतात, आणि चुकलेल्या फेरीची तक्रार त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यापर्यंत पोहोचते. देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर येथे स्वभावतःच थोडे आहे.

पांचगणीचे उदाहरण आणखी एका दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील कचऱ्यात पर्यटकांचा वाटा मोठा, आणि पर्यटक हा नगराचा रहिवासी नसल्यामुळे त्याच्याकडून सवयीची अपेक्षा धरता येत नाही. तेथे सहभागाचा भार हॉटेले, शाळा व दुकानदार यांच्यावर येतो. दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी मोठे कचरानिर्माते मानले आणि कुजणारा कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरविण्यास सांगितले. अशा नगरात ही तरतूद कळीची ठरते. पांचगणीत पूर्वी जेथे कचऱ्याचा डेपो होता, तेथे ‘स्वच्छ भारत पॉइंट’ या नावाचे प्रेक्षणीय स्थळ विकसित करण्यात आले. ज्या जागेकडे नगराने पाठ फिरविली होती, ती जागाच लोकांना दाखविण्याजोगी करणे हा प्रबोधनाचाच एक प्रकार होय.

या मानांकनांचा अर्थ मात्र विवेकाने लावावयास हवा. २०२२ च्या सर्वेक्षणात एकूण ७,५०० गुणांपैकी २,२५० गुण नागरिकांच्या अभिप्रायाला व सहभागाला होते, म्हणजे ३० टक्के. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण पाहणीच्या काळातील उत्साह आणि वर्षभराची सवय या दोन भिन्न वस्तू आहेत. याच परिसरातील दुसरे उदाहरण घेता येईल. २०१६ साली पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने श्रमदानाच्या बळावर पहिला क्रमांक मिळविला. समतल चर एकदा खणला की अनेक पावसाळे काम देतो. कचऱ्याचे तसे नाही. कालचे वर्गीकरण आज उपयोगी पडत नाही. म्हणून श्रमदानाचा नमुना येथे अपुरा पडतो. येथे पराक्रमापेक्षा नित्यनेम लागतो.

६. मोठ्या शहरांचा प्रश्न

सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली; २०११ साली तिची वस्ती सुमारे पाच लाख होती. सांगलीचा कचरा समडोळी रस्त्यावरील आणि मिरजेचा बेडग रस्त्यावरील डेपोवर जात राहिला व तेथे वर्षानुवर्षांचे ढीग साचले. साताऱ्याच्या सोनगाव डेपोची कहाणीही याहून फारशी वेगळी नाही. डेपो शहराच्या कडेला असतो. धूर, माश्या व दुर्गंधी सोसणारे लोक तो कचरा निर्माण करणारे नसतात. सहभागाचा विचार करताना या शेजारच्या वस्त्यांना बहुधा जमेस धरले जात नाही. वस्तुतः व्यवस्थेच्या अपयशाची पहिली साक्ष त्यांच्याकडेच मिळते, आणि म्हणून प्रकल्पाच्या देखरेख समितीवर त्यांचे प्रतिनिधी असणे न्यायाचे व उपयोगाचेही आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर गाळ, भिजलेले धान्य, गाद्या, फर्निचर व दुकानांतील माल यांचे डोंगर रस्त्यांवर उभे राहिले. अन्य शहरांची पथके, स्वयंसेवी संस्था आणि तरुण मंडळे यांनी त्या वेळी केलेले काम सर्वश्रुत आहे. संकटात लोक पुढे येतात हे त्यातून सिद्ध झाले. परंतु संकट सरल्यावर त्या शक्तीला नित्याच्या कामात कसे वळवावे, याचे उत्तर मोठ्या शहराजवळ तयार नसते. शहर एकसंध मानून योजना आखली की नागरिक आणि कामगार परस्परांना अनोळखी राहतात. पाच लाखांचे शहर लहान नगरासारखे चालवावयाचे असेल तर त्याची प्रभागवार वाटणी करून प्रत्येक प्रभागाला आपली गाडी, आपले कामगार, शक्य तेथे आपला खतखड्डा आणि आपला जाहीर हिशोब द्यावयास हवा.

७. भागीदारीचे घटक

भागीदारी हा शब्द अनेकदा नगरसंस्था व ठेकेदार यांच्या करारापुरता वापरला जातो. तो अर्थ अपुरा आहे. या व्यवहारात आणखी निदान दोन भागीदार आहेत.

पहिला भागीदार कचरावेचक. नगरसंस्थेच्या कितीतरी आधीपासून कागद, काच, पत्रा व प्लॅस्टिक वेगळे करून पुन्हा कारखान्याकडे नेणारा हा वर्ग आहे, आणि त्यात स्त्रिया बहुसंख्य आहेत. कचऱ्यातून मोल काढणे ही आपल्याकडे नवी विद्या नव्हे. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन त्यातील सोन्याचे कण काढणाऱ्याला मराठीत ‘झारेकरी’ असे स्वतंत्र नाव आहे. विटा-खानापूर परिसरातील गलाई व्यावसायिक तर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कसबावर देशभरातील शहरांत पसरले आहेत. सोन्याचा केर निवडणाऱ्याला कारागीर आणि कागद निवडणाऱ्या स्त्रीला मात्र उपद्रव मानावयाचे, हा भेद कसबाचा नसून प्रतिष्ठेचा आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनाचे काम हाती घेतले. ओळखपत्र, ठरलेली घरे, नागरिकांकडून सेवाशुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचा हक्क, या चार गोष्टींनी वेचक स्त्री व्यवस्थेची अधिकृत घटक झाली. सहकाराचा एवढा अनुभव असलेल्या सातारा-सांगली भागात हा नमुना परका वाटण्याचे कारण नाही.

दुसरा भागीदार शेतकरी. कुजणाऱ्या कचऱ्याचे खत विकत घेणारा कोणी नसेल तर खतप्रकल्प हाच नवा ढीग होतो. महाराष्ट्र शासनाने नगरांच्या खतासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही मुद्रा निर्माण केली, ती याच हेतूने. पण शेतकऱ्याचा विश्वास मुद्रेवर नव्हे, पोत्यातील मालावर बसतो. त्यात काचेचा एक तुकडा सापडला की तो पुढचे पोते घेत नाही. अशा रीतीने शहरातील स्वयंपाकघर आणि परिसरातील ऊस किंवा हळदीचे शेत ही एकाच साखळीची दोन टोके ठरतात.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. लोकसहभाग ही मोहिमेच्या दिवसांची बाब नसून रोज सकाळी दाराशी घडणारा व्यवहार आहे. तो टिकण्यासाठी घेणाऱ्याने आपला शब्द पाळणे हे देणाऱ्याला उपदेश करण्याहून अधिक आवश्यक आहे. सूचनांची भाषा लोकांच्या रूढ अर्थाशी जुळती असावी. कचरावेचक, डेपोशेजारच्या वस्त्या आणि खत घेणारा शेतकरी यांना योजनेच्या आखणीपासूनच स्थान असावे.

या विषयाच्या अभ्यासकाने मापनाची एककेही बदलावयास हवीत. किती टन कचरा उचलला, हा आकडा व्यवस्थेची मेहनत सांगतो. तिची गुणवत्ता सांगत नाही. एका प्रभागात किती घरे रोज वेगळा केलेला कचरा देतात, महिन्यात गाडीच्या किती फेऱ्या चुकल्या, वेगळा दिलेला कचरा प्रकल्पापर्यंत वेगळा पोहोचला काय, आणि किती कामगारांच्या हातांना काच किंवा सुई लागली, या चार नोंदी प्रत्येक नगरपरिषदेला अल्प खर्चात ठेवता येतील. कऱ्हाड, विटा व पांचगणी यांनी मिळविलेले मान कायम राहिले की नाही, हे पुढील क्रमवारीपेक्षा या नोंदींवरूनच अधिक खात्रीने कळेल. सातारा आणि सांगली या मोठ्या शहरांसाठी तर अशा प्रभागवार नोंदींचा अभ्यास हीच पुढील संशोधनाची पहिली पायरी होय.